दादरचा टॅटू, नागपूरचा मे

पुतणीने दादरला हातावर, मनगटाच्या जरा वर, मोराच्या पिसाचा टॅटू काढून घेतला आणि तिसऱ्या दिवशी विदर्भ एक्सप्रेसने नागपुरात उतरली. सोबत स्टुडिओने दिलेला सूचनांचा कागद होता : कोरडं ठेवा, हवा लागू द्या. संध्याकाळपर्यंत पिसाचा गर्द भाग वाळल्या लिंबाच्या सालीसारखा कडक झाला आणि मनगट वळवलं की कडेने तडकायला लागला. "आत्या, मी तर कागदात लिहिलंय तस्संच करतेय," ती रडवेली होऊन म्हणाली. करतच होती बिचारी. फक्त तो कागद मुंबईच्या हवेसाठी लिहिलेला होता.

थोडा हिशेब करू. मे महिन्यात मुंबईत ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असली, तर घनमीटरभर हवेत साधारण २५ ग्रॅम वाफ असते. नागपुरात ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असली, तर जेमतेम १२ ग्रॅम. ओल्या जखमेचं तापमान ३५ अंश धरलं, तर तिला लगटून असलेल्या हवेत घनमीटरला सुमारे ४० ग्रॅम वाफ मावते. जखमेतलं पाणी किती वेगाने उडणार, हे बरंचसं या फरकावर ठरतं. मुंबईत फरक १५ ग्रॅमचा, नागपुरात २८ ग्रॅमचा. त्यात दुपारच्या गरम झळा. दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात पापड होतो, तिथे जखमेचं वेगळं काय होणार?

एरवी आपली कातडी अशा हवेतही तग धरते, कारण तिच्या अगदी वर मृत पेशींचा एक थर असतो. केसाहून पातळ, पण पाणी धरून ठेवण्यात पटाईत. टॅटूची सुई नेमका हाच थर हजारो ठिकाणी भोसकते आणि बाह्यत्वचा ओलांडून एक-दोन मिलिमीटर खाली, अंतस्त्वचेत शाई सोडते. तिथे महाभक्षी पेशी धावून येतात आणि शाईचे कण गिळतात. पचवता मात्र येत नाहीत, म्हणून पोटात घेऊन बसतात. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर टॅटू काढून दाखवलं, की या पेशी मेल्या की सुटलेली शाई शेजारच्या नव्या पेशी पुन्हा गिळतात. टॅटू टिकतो तो या वारसाहक्काने.

म्हणजे नीट मुरलेली शाई उन्हाळ्याने बाहेर पडत नाही, घामाने तर नाहीच. नुकसान खपली करते. स्राव भराभर सुकला की जाड, ताठ खपली धरते. ती तडकते किंवा खाजवताना निघते, आणि खालचा अर्धवट जुळलेला भाग सोबत ओढून नेते. त्या जागी नंतर फिकट ठिपका राहतो. "जखम मोकळी ठेवली की लवकर भरते" हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवर केलेल्या प्रयोगात उलट दिसलं : पॉलिथिनने झाकलेल्या उथळ जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने धरली. नव्या पेशींना सरकायला ओल लागते. खपली आली की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते.

हे वाचून कुणी व्हॅसलिनचा लेप थापेल, तर तोही घोळच. जाड थराखाली घाम कोंडतो, घामोळं येतं, जखम पांढरट आणि लिबलिबीत होते. साध्या प्लास्टिकच्या वेष्टनाचंही तेच; स्टुडिओने सांगितलेल्या तासांपलीकडे ते ठेवू नये. तळहाताएवढ्या टॅटूला ज्वारीच्या दोन-तीन दाण्यांएवढं मलम पुरतं. लावल्यावर कातडी किंचित चमकली पाहिजे, चिकटली नाही पाहिजे. मुंबईत ते दिवसातून दोनदा लागत असेल तर इथे चारदा लागेल. थर मात्र तेवढाच पातळ. घामोळ्यांची पावडर आणि डब्यातली हळद, दोन्ही दूर. हळदीच्या गुणांबद्दल वाद नाही, पण फोडणीचा चमचा रोज ज्यात बुडतो तो डबा काही निर्जंतुक नसतो.

धुण्याची आमच्याकडे वेगळीच पंचाईत. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटका देत येतं. म्हणून सकाळीच बादली भरून, झाकून ठेवायची. बिनवासाचा सौम्य साबण, हलका हात, मग स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. घाम वाळून मिठाची पांढरी रेघ उमटली असेल, तर तीही अशीच धुवायची, नाहीतर आग होते.

कूलर मात्र कामाचा. एसी खोलीतली ओल काढून घेतो, कूलर ओल घालतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा जखमेला मानवते. पण टाकीत आठवडाभर साचलेलं पाणी घाण असतं, तेव्हा ते रोज बदलायचं आणि तुषार अंगावर येतील इतकं समोर बसायचं नाही. पाण्यातले जंतू ही थट्टा नव्हे. २०११-१२ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात टॅटूनंतर पुरळ आलेल्यांच्या त्वचेत पाण्या-मातीत राहणारा, क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद सापडला. राखाडी शाईच दूषित निघाली होती. विहिरीत, तलावात पोहणं म्हणूनच तीन-चार आठवडे बंद. आणि तीन दिवसांनंतरही लाली पसरत गेली, ठणका वाढला, पू किंवा ताप आला, तर मलमं बदलत न बसता डॉक्टरकडे जायचं.

उन्हाला उपाय दुपट्टा. सनस्क्रीन जखम भरून आलेल्या कातडीसाठी असतं, उघड्या जखमेवर नको. नागपुरात गाडीवर निघताना तोंडाला दुपट्टा आणि खिशात कांदा असतोच. कांद्याचं माहीत नाही, पण हातावर सैल सुती बाही हवीच.

आजीच्या हनुवटीवरचं गोंदण काजळीचं, म्हणजे कार्बनचं होतं. उन्हात जन्म गेला तरी ते पुसलं नाही, थोडं निळसर झालं इतकंच. मध्य प्रदेशातल्या बालाघाट-मंडला भागातल्या बैगा आदिवासींमध्ये गोंदण्याचा हंगाम थंडी पडू लागली की सुरू होतो आणि उन्हाळा लागला की आटोपतो.

पुतणीचं पीस अडीच आठवड्यांत वरून भरलं. टोकाला तांदळाएवढा एक फिकट ठिपका राहिलाय. तो भरून घ्यायला ती डिसेंबरात, हुरड्याला इकडे येऊन गेल्यावर दादरला जाणार आहे.