बांगडा, लिंबू आणि सेकंड हँड गाडी

"दादा, गाडीतला वास परत आला." गुहागरहून मावसभावाचा फोन आला तेव्हा मिरगाची पहिली जोरदार सर पडून तासही झाला नव्हता. गाडी त्याने फेब्रुवारीत मुंबईहून आणलेली, नऊ वर्षं वापरलेली. आधीचा मालक गाडीतच सिगारेटी ओढायचा, हे सौद्याच्या वेळी कोणी बोललं नाही. डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या वासाची बाटली होती, त्यामुळे नाकालाही कळलं नाही. बाटली संपल्यावर कळलं. मग चार दिवस दारं सताड उघडी टाकून गाडी अंगणात उभी केली, 'हवा लागली की जातो वास' म्हणून. गेलाही. आणि पावसाबरोबर परत आला, पहिल्यापेक्षा उग्र.

हवा लागली की वास जातो ही आपल्याकडची जुनी समजूत. पण हा वास हवेत राहतच नाही. काचा खाली करून पाच मिनिटं गाडी पळवली की आतली सगळी हवा बदलते. सिगारेटचा धूर म्हणजे केसाच्या जाडीच्या शेकडो पट बारीक कण आणि त्यांच्याबरोबरची वाफ. त्यात हजारो रसायनं असतात. निकोटिन, फिनॉल, पिरिडिनच्या कुळातली संयुगं, चिकट डांबर. ही सगळी काचेवर, छताच्या अस्तरावर, सीटबेल्टवर जाऊन बसतात आणि तिथून हळूहळू, वर्षानुवर्षं हवेत सुटत राहतात. २००९ मधल्या एका शोधनिबंधानंतर या बसलेल्या धुराला 'थर्ड हँड स्मोक' हे नाव रूढ झालं. सेकंड हँड गाडीवर थर्ड हँड धूर फुकट!

मग पावसातच तो का उसळला? याचं उत्तर आपल्याला आवडणाऱ्या एका गोष्टीत आहे, मृद्गंधात. १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये त्यावर लिहिलं. कोरड्या दिवसांत माती आणि दगड हवेतली तेलकट द्रव्यं आपल्या बारीक छिद्रांत धरून ठेवतात. हवा दमट झाली की पाण्याचे रेणू त्या छिद्रांत घुसतात आणि आधीच्या बिऱ्हाडाला बाहेर काढतात. पाऊस पडण्याआधीच पावसाचा वास येतो तो यामुळे. गाडीच्या सीटचं कापड म्हणजे तरी काय, छिद्रंच. कोकणात जूनमध्ये हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते. भावाच्या गाडीत मृद्गंधच सुटला होता, फक्त माती वेगळी होती.

आता माझा आवडता भाग. कंटाळा आला तर पुढचे तीन परिच्छेद सोडा, पण मासे खाणाऱ्याने सोडू नयेत.

बांगडे साफ केले की घरात त्यांना लिंबू किंवा आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, चोळून ठेवतात. शिळ्या माशाचा वास प्रामुख्याने ट्रायमिथाइल अमाइन नावाच्या रेणूचा असतो. त्याच्यात एक नायट्रोजनचा अणू आहे आणि त्या अणूवर इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी. शाळेत शिकलेलं आठवा: आम्ल म्हणजे हायड्रोजनचा आयन देणारं, आम्लारी म्हणजे तो घेणारं. लिंबातलं सायट्रिक आम्ल आयन देतं, नायट्रोजन तो त्या मोकळ्या जोडीवर पकडतो. त्याबरोबर रेणूवर धन प्रभार येतो, म्हणजे त्याचा क्षार होतो. वासाला नाकापर्यंत उडत यावं लागतं, आणि प्रभार असलेला रेणू पाण्याला असा धरून बसतो की त्याला उडता येत नाही. मासा तोच, अमाइन तेच, वास मात्र नाही. पाणी ओतलं की क्षार वाहून जातो.

निकोटिन हेही अमाइनच. त्याच्या रेणूत दोन नायट्रोजन आहेत, आणि त्यातला जास्त उत्सुक जो आहे त्याचा तोल सामू (पीएच) ८ ला असतो. सामू जितका कमी, तितकं पाणी जास्त आम्ल. म्हणजे सामू ८ असलेल्या पाण्यात निम्मं निकोटिन मोकळं, उडायला तयार, आणि निम्मं क्षाराच्या रूपात जखडलेलं. तिथून सामू एकेक अंकाने खाली आणला की मोकळ्यांचं जखडलेल्यांशी प्रमाण दर वेळी दहा पटीने घटतं. बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरचा सामू अडीचच्या आसपास. साडेपाच अंक खाली. दहाचा साडेपाचावा घात म्हणजे तीन लाखांहून थोडा जास्त. म्हणजे तीन लाख रेणूंमागे जेमतेम एक मोकळा!

याच हिशेबाने खाण्याच्या सोड्याकडे बघा. सीटवर रात्रभर सोडा टाकून सकाळी व्हॅक्यूम मारा, असं जो तो सांगतो. सोड्याच्या पाण्याचा सामू सुमारे ८.३. त्यात दोन तृतीयांश निकोटिन मोकळंच राहतं. घामाचा किंवा सांडलेल्या दुधाचा वास आंबट आम्लांचा असतो, तिथे सोडा कामाचा. इथे तो चुकीच्या बाजूने लढतो. अमोनिया असलेली क्लीनर तर आणखी वाईट. ती जखडलेल्या निकोटिनलाही मोकळं करतात.

हे ऐकून भाऊ म्हणाला, "म्हणजे आगळ टाकू सीटवर?" आगळाचे डाग कापडातून या जन्मी जायचे नाहीत, म्हणून व्हिनेगर. एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी, आणि आधी सीटच्या खालच्या कोपऱ्यावर करून बघायचं. त्या रविवारी मी गुहागरला गेलो. पुढची काच आतून पुसली तेव्हा धुवट पांढरं फडकं पहिल्याच हाताला चहाच्या गाळणीच्या रंगाचं झालं. सीटबेल्ट आम्ही टोकापर्यंत ओढून काढला, परत आत जाऊ नये म्हणून वर कपड्यांचा चिमटा लावला आणि तो पट्टा बादलीत सोडला. अर्ध्या तासाने पाणी कोऱ्या चहासारखं. शेजारच्या काकू बघून गेल्या, बोलल्या काहीच नाहीत.

छताच्या अस्तराला मात्र जपावं लागतं. ते पातळ स्पंजावर चिकटवलेलं असतं, भिजलं की डिंक सुटतो आणि छत डोक्यावर लोंबायला लागतं. तिथे फडकं घट्ट पिळून नुसतं दाबत जायचं, घासायचं नाही. एसीचा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. तो धुण्याच्या भानगडीत न पडता नवीन घ्यावा.

व्हिनेगरचीही मर्यादा आहे. फिनॉल हे स्वतःच हलकं आम्ल, त्याला दुसरं आम्ल जखडू शकत नाही. डांबराला तर साबणाचं पाणीच लागतं. आणि जे तरीही सुटत राहतं त्यासाठी सक्रिय कोळसा, जो बऱ्याचदा नारळाच्या करवंटीपासूनच करतात. करवंटीचा कोळसा आठ-नऊशे अंशांवर वाफेत तापवला की त्याला असंख्य बारीक छिद्रं पडतात. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटर भरतो. म्हणजे दहा गुंठे! ज्या दहा गुंठ्यांसाठी आमच्याकडे दोन पिढ्या कोर्टात गेल्या, तेवढी जमीन चिमूटभर कोळशात. चुलीतल्या कोळशाला ही सर नाही. पण दमट हवेत कोळशाची छिद्रंही पाण्यानेच भरतात, म्हणून आषाढात पिशवी ठेवून उपयोग थोडा. तो उन्हाळ्यातला उपाय. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी गाडी बंद करून तापवायची, आतून रसायनं सुटू द्यायची, मग दारं उघडून ती हवा घालवायची, असं रोज.

या गाडीच्या पुढच्या बंपरला लिंबू-मिरची टांगलेली होती. दृष्ट लागू नये म्हणून. त्या लिंबात पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असतं. बंपरवर ते वाळून जातं, एवढंच. आत पुसलं असतं तर काहीतरी झालं असतं! भावाने एकदा कापूरही जाळला होता. जळता कापूर काजळी सोडतो, म्हणजे धुराच्या थरावर आणखी एक थर.

त्याहून मोठी अंधश्रद्धा यंत्राच्या रूपात मिळते. चिपळुणात एका दुकानदाराने त्याला 'ओझोन ट्रीटमेंट' सांगितली: "हवेतला शुद्ध प्राणवायू, साहेब." ओझोन प्राणवायू नव्हे. तो फुप्फुसांना जाळतो आणि दारांच्या रबराला तडे पाडतो. काही वासाचे रेणू तो खरोखर मोडतो, पण निकोटिनशी त्याची गाठ पडली की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. बसलेलं निकोटिन तसंही निरुपद्रवी नसतं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०१० मध्ये दाखवलं की हवेतल्या नायट्रस आम्लाशी त्याची क्रिया होऊन कर्करोगकारक नायट्रोसमाइनं बनतात. एका धूम्रपान करणाऱ्याच्या ट्रकच्या केबिनमध्येही ती सापडली. भावाची मुलगी दीड वर्षाची आहे, सीटबेल्ट चावते. बादलीतलं पाणी बघितल्यावर त्याने मला जास्त काही विचारलं नाही.

आता राहिला स्पंज. रेणू स्पंजात शिरतात आणि बाहेर येतात ते दारुड्यासारखे अडखळत, त्यामुळे खोली दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो. वरच्या एका मिलिमीटरला एक दिवस पुरला असं धरलं, तर पाच सेंटिमीटर खोलीला अडीच हजार दिवस, म्हणजे जवळजवळ सात वर्षं. कापड धुऊन हे थांबत नाही. जुलैत गाडी दोन दिवस बंद राहिली की ड्रायव्हरच्या सीटमधून अजून थोडा वास येतो, बाकी गाडी साफ आहे. कुशनवाल्याने त्या एका सीटचा स्पंज बदलायचं कबूल केलंय, गणपतीच्या आधी.