१८५५ ची यादी: बोर्दोच्या बाटलीवरचा भाव

फ्रान्समधल्या बोर्दोच्या भारी रेड वाइनच्या लेबलवर बऱ्याचदा ‘ग्रां क्रू क्लासे, १८५५’ (म्हणजे साधारण ‘श्रेणीत आलेला थोर मळा’) असे छापलेले असते. यजमान ते कौतुकाने दाखवतो आणि पहिला घोट घेण्याआधीच पाहुण्यांचे मत तयार होते. ते शब्द दर्जाचे मानले जातात. मुळात ते भावाचे होते.

१८५५ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. बोर्दोच्या व्यापारी मंडळाने तिथे वाइनचे नमुने पाठवताना सोबत प्रतवारी द्यायचे ठरवले आणि ते काम शहरातल्या दलालांच्या संघटनेकडे सोपवले. एप्रिलच्या सुरुवातीला पत्र गेले आणि १८ एप्रिलला यादी हजर झाली. तिच्यासाठी कुणी बाटल्या उघडून चाखत बसले नाही. कुठल्या शातोच्या (म्हणजे द्राक्षमळा आणि तिथली वाइनशाळा) मालाला वर्षानुवर्षे काय भाव मिळतो हे दलालांच्या वह्यांत होतेच. त्यावरून पाच श्रेण्या पडल्या. पहिलीत चार नावे आली: लाफीत, मार्गो, लातूर (मराठवाड्यातले नव्हे) आणि ओ-ब्रियाँ. रेडच्या यादीत ओ-ब्रियाँ सोडले तर सगळे मेदोक भागातले, म्हणजे नदीच्या डाव्या काठचे. उजव्या काठच्या सँतेमिलियों आणि पोमेरोल या भागांचा व्यवहार मुख्यतः लिबूर्न गावातल्या पेढ्यांवर चाले, त्यामुळे बोर्दोच्या दलालांनी त्यांना विचारातच घेतले नाही. पोमेरोलच्या पेत्रुसला आजही कुठलीच श्रेणी नाही, आणि किंमत मात्र डोळे पांढरे करणारी.

हे भावही कुणाच्या जिभेवर ठरले होते, ते पाहायला हवे. ११५२ च्या एका राजघराण्यातल्या लग्नामुळे हा प्रदेश पुढे इंग्लंडच्या राजाकडे गेला आणि १४५३ पर्यंत तिथेच राहिला. राज्य गेले, गिऱ्हाईक टिकले. एकोणिसाव्या शतकातही इंग्रज गिऱ्हाइकासाठी बोर्दोच्या वाइनमध्ये ऱ्होन खोऱ्यातली किंवा स्पेनची दाट वाइन मिसळून पाठवत आणि ते फारसे लपवतही नसत. शुद्धतेच्या आजच्या गप्पा ऐकताना हे आठवते.

यादी जाहीर होऊन काही महिने झाले आणि कांतमर्लचे नाव मागाहून घातले गेले. हे शातो आपला माल बराच काळ दलालांना टाळून थेट डच व्यापाऱ्यांना विकत असे. वह्यांत त्याचा भाव कुठून सापडणार? त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांत एकच मोठा बदल झाला आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

तो म्हणजे मूतों या शातोची बढती. १८५५ मध्ये मूतों दुसऱ्या श्रेणीत पहिल्या क्रमांकावर होते. दोनच वर्षांपूर्वी ते एका बँकर घराण्याच्या इंग्लंडमधल्या शाखेने विकत घेतले होते, म्हणूनच डावलले गेले, असे मूतोंची बाजू घेणारे सांगतात. मळ्याची व्यवस्था तेव्हा यथातथाच होती, असे दुसरी बाजू म्हणते. १९२० च्या दशकात घराण्यातल्या एका तरुण वारसाने कारभार हाती घेतला. वाइन पिंपांतून व्यापाऱ्याकडे न पाठवता सगळी शातोतच बाटलीबंद करायची, हा आग्रह त्याने १९२४ पासून धरला. आज ती साधी गोष्ट वाटते. तेव्हा व्यापाऱ्यांच्या हातातली किल्ली काढून घेण्यासारखे होते. बढतीसाठी तो दशकानुदशके झगडला. १९६० च्या सुमारास सगळी यादीच नव्याने करायचा घाट घातला गेला, पण खाली घसरण्याची भीती असलेल्यांनी असा ओरडा केला की तो बारगळला. अखेर जून १९७३ मध्ये तत्कालीन कृषिमंत्र्यांनी, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, मूतोंला पहिल्या श्रेणीत घेतल्याच्या आदेशावर सही केली. बाकीच्या चार श्रेण्यांना हातही लावला नाही.

मूतोंची वाइन त्या पंक्तीला बसते, याबद्दल मला शंका नाही. पण एकासाठी दार उघडायचे आणि लगेच कडी घालायची, ही रीत पटत नाही. पाचव्या श्रेणीतले लँश-बाज गेली कित्येक वर्षे दुसऱ्या श्रेणीच्या तोडीचा भाव घेते आणि तरीही यादीत पाचवेच राहते. त्यातून श्रेणी शातोच्या नावाला आहे, जमिनीला नाही. शेजारचा मळा विकत घ्या, त्याच पट्ट्यातला असला की त्याची द्राक्षेही मानकरी. १८५५ ची वेलरांग आणि आजची वेलरांग यांचा मेळ अनेक ठिकाणी बसत नाही. सँतेमिलियोंने १९५५ मध्ये वेळोवेळी बदलणारी यादी केली, तर तिथे खटल्यांचा सुकाळ झाला. २००६ ची यादी कोर्टात रद्द झाली आणि २०२२ च्या यादीआधी ओझोन, शवाल ब्लां व आंजेलुस हे तीन अव्वल शातो स्वतःहून बाहेर पडले.

जेवणाच्या जोडीची परंपरा याच डाव्या काठाच्या मालावरून पडली. तिथल्या मुख्य काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर, म्हणून कोवळी वाइन जीभ आखडवते. मांसातली प्रथिने आणि चरबी तो तुरटपणा उतरवतात. मेदोकमधल्या पोयाकचे कोवळे मेंढीचे मांस किंवा वेलींच्या काटक्यांवर भाजून वर मज्जा आणि बारीक कांदा घातलेला बीफचा तुकडा, ही तिथली घरची जोडी. जुन्या बाटलीतला गाळ तळाशी राहू द्यायचा तर ती आदल्या दिवशीच उभी ठेवून मग अलगद डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओततात.

मधल्या काळात वाइनही बदलली. १९७० च्या दशकात बोर्दोत १२ टक्क्यांच्या आसपास असलेले अल्कोहोल आता उष्ण हंगामांत १४ ला टेकते. मिरचीची आग अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही वाढवतात, त्यामुळे कोल्हापुरी तांबड्या रश्श्यापुढे कोवळी पोयाक फक्त कडू लागते. कमी तिखटाचे सुके मटण असेल, तर मेर्लो द्राक्षाचा वरचष्मा असलेली, काही वर्षे मुरलेली पोमेरोल बरी जमते.