कातडीवरचं यीस्ट मलमांना दाद का देत नाही: पार्श्वभूमी

नवरात्र संपली की बडोद्यात स्किनच्या डॉक्टरांकडे गर्दी वाढते. रात्र-रात्र घामाने भिजलेले कपडे, काखेत-जांघेत खाज, आणि बहुतेकांच्या खिशात आधीच एक अर्धी पिळलेली ट्यूब, जी रावपुऱ्यातल्या नाहीतर दांडिया बाजारातल्या मेडिकलवरून न विचारता आणलेली असते. शिबं आणि घडीतला ओला लालपणा ही यीस्टची कामं, दादर म्हणजे गजकर्ण दुसऱ्याच बुरशीचं, पण ट्यूब मात्र सगळ्यांना तीच.

जुना इतिहास थोडक्यात. 1950 मध्ये नायस्टॅटिन आलं, अमेरिकेतल्या दोन बाई शास्त्रज्ञांनी शेतातल्या मातीतून काढलेलं. 1970 च्या आसपास क्लोट्रिमाझोल आणि मायकोनाझोल, मग तिकडे 1981 ला किटोकोनाझोलची गोळी आणि 1990 ला फ्लुकोनाझोल. नायस्टॅटिन सोडलं तर ही सगळी अझोल घराण्यातली, बुरशीच्या पेशीच्या आवरणाला लागणारं एर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत. यीस्टने त्यावर दोन वाटा काढल्या, ज्या एन्झाइमवर औषध बसतं त्याचा आकार बदलायचा, नाहीतर आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकायचं. 1990 च्या दशकात एड्सच्या पेशंटांच्या तोंडातल्या कँडिडा या यीस्टवर हे ठळक दिसलं, कारण त्यांना फ्लुकोनाझोल महिनोन् महिने चालू असायचं.

आपल्याकडची खरी गुंतागुंत स्टेरॉइडची. अँटीफंगल, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये, म्हणजे खाज दोन दिवसात थांबते, माणूस मलम बंद करतो, आणि स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबलेली असल्यामुळे यीस्ट आरामात परत पसरतं, की पुन्हा तीच ट्यूब, असं वर्षानुवर्षं अर्धवट औषध खात यीस्ट जगतं. मार्च 2016 मध्ये सरकारने 344 मिश्र औषधांवर बंदी घातली, कंपन्या कोर्टात गेल्या, हायकोर्टाने बंदी उडवली, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2017 मध्ये प्रकरण तज्ज्ञांकडे पाठवलं आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 वर पुन्हा बंदी आली. त्यात क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सॅसिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन असं चार-चार एकत्र कोंबलेलं मलमही होतं, जे मुळात मंजूर कसं झालं हा प्रश्नच आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये लावायची स्टेरॉइडं शेड्यूल एच मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर बरोबर. पण क्लोट्रिमाझोल-बेक्लोमेथासोनसारखी अँटीफंगल-स्टेरॉइडची जोडी बाजारात राहिलीच आणि काउंटरवर चिठ्ठी मागणारा दुकानदार शोधावा लागतो. कंपन्यांचं म्हणणं असं की गरिबाला एका ट्यूबमध्ये काम होतं, डॉक्टरची फी वाचते. ते अगदीच खोटं नाही, पण मला हा निर्णय उशिराचा आणि अर्धाच वाटतो.

आता दुसरी बाजू. प्रत्येक न जाणारं शिबं म्हणजे रेझिस्टन्स, म्हणजे यीस्टने औषधाला दाद न देणं, नव्हे. शिबं आणणारं मॅलेसेझिया हे यीस्ट आपल्या कातडीवर कायमच राहतं, तेलावर जगतं, त्यामुळे औषधाने साफ होऊन पुढच्या पावसाळ्यात परत येणं हा त्याचा स्वभाव आहे. शिवाय डाग पांढरे राहिले तरी बुरशी मेलेली असू शकते, रंग भरायला महिने लागतात. आणि टर्बिनाफिनची गोळी, जी दादरवर चालते, ती शिब्यांवर चालतच नाही, तो रेझिस्टन्स नाही, चुकीचं औषध आहे. लॅबलाही अडचण: मॅलेसेझिया वाढवायला प्लेटमध्ये ऑलिव्ह ऑइलसारखी चरबी घालावी लागते, कँडिडाची नेहमीची टेस्ट तशीच लावता येत नाही, आणि औषधाच्या किती प्रमाणापुढेही वाढलं तर रेझिस्टंट म्हणायचं यावर एकमत नाही.

कँडिडा ऑरिस मात्र वेगळं प्रकरण. 2009 मध्ये जपानमध्ये एका पेशंटच्या कानातून सापडलं, भारतातून 2013 पासून रिपोर्ट आले. बहुतेक नमुने फ्लुकोनाझोलला जुमानत नाहीत. गरब्यानंतरच्या खाजेशी याचा संबंध नाही, हे आयसीयूतलं यीस्ट; कातडीवर ठाण मांडतं, खाज नाही की डाग नाही, म्हणून काखेतून आणि जांघेतून स्वॅब घेऊनच शोधावं लागतं.