क्लॉक बदलताना आउटपुट क्षणभर थांबतं, तो बिघाड नव्हे

आमचं क्लॉक चेंजओव्हर कार्ड (सर्किटला ठेका देणारे पल्स, म्हणजे क्लॉक, एका स्रोतावरून दुसऱ्यावर नेणारं) बसवल्यावर पहिला फोन बहुतेक वेळा हाच येतो: "आतल्या ऑसिलेटरवरून बाहेरच्या 10 मेगाहर्ट्‌झ रेफरन्सवर जाताना ऑसिलोस्कोपवर एखादा पल्स गायब दिसतो. कार्ड खराब निघालं का?" नाही. कार्ड ते मुद्दाम करतं.

सोसायटीतला मेन्स–जनरेटर चेंजओव्हर आठवा. मध्ये ‘ऑफ’ असतो. एक पुरवठा पुरता सुटल्याशिवाय दुसरा जोडलाच जात नाही. इथेही तेच, फक्त नॅनोसेकंदांत.

साधा मल्टिप्लेक्सर (दोनपैकी एक सिग्नल निवडणारा स्विच) ही वाट पाहत नाही. 10 मेगाहर्ट्‌झचं एक आवर्तन 100 नॅनोसेकंदांचं: 50 हाय, 50 लो. दोन ऑसिलेटर कधीच तंतोतंत एका चालीने चालत नाहीत. 1 पीपीएमचा (दहा लाखांत एक) फरक असला तरी दर सेकंदाला एक दुसऱ्याच्या 10 आवर्तनं पुढे जातो. त्यामुळे निवड नेमकी कुठल्या क्षणी बदलेल याचा नेम नाही. चालू पल्स मध्येच कापला गेला, तर 5-10 नॅनोसेकंदांचा तुकडा बाहेर पडतो. पुढच्या काउंटरमधले काही फ्लिप-फ्लॉप (हाय की लो ते लक्षात ठेवणारी छोटी सर्किट) तो मोजतात, काही मोजत नाहीत, आणि आकडा भलतीकडेच जातो. महिन्यातून एकदा होणारी अशी गडबड शोधताना माणूस रडकुंडीला येतो. हरवलेला पल्स परवडला, तुटका नको.

म्हणून कार्डात प्रत्येक क्लॉकसाठी दोन फ्लिप-फ्लॉप आहेत. पहिला चढत्या कडेवर (क्लॉक लोचा हाय होताना) निवडीचा सिग्नल घेतो, दुसरा उतरत्या कडेवर तो पुढे देतो, म्हणजे क्लॉक लो असतानाच त्याचं आउटपुटकडे जाणारं दार उघडतं किंवा मिटतं. शिवाय एका बाजूचं दार मिटल्याची खूण मिळाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. दोन्ही क्लॉक 10 मेगाहर्ट्‌झचे असतील, तर आउटपुट एरवीच्या 50 ऐवजी साधारण 100 ते 200 नॅनोसेकंद लो राहतं. तुम्हाला दिसतो तो हाच खंड.

एकाच फ्लिप-फ्लॉपवर का भागत नाही? निवड नेमकी क्लॉकच्या कडेवर बदलली, तर तो काही काळ हाय आणि लोच्या मध्ये अडकू शकतो. चेनी आणि मोल्नर या संशोधकांनी 1973 मध्ये हे मोजमापांसह मांडलं. दुसरा फ्लिप-फ्लॉप पहिल्याला सावरायला अर्धं आवर्तन देतो. धोका शून्य होत नाही, पण 10 मेगाहर्ट्‌झला 50 नॅनोसेकंद भरपूर आहेत.

खरी अडचण केबल निसटल्यावर येते. क्लॉकच मेला की दार मिटवायला कडाच येत नाहीत आणि दुसरी बाजू ताटकळत राहते. त्यासाठी वेगळा पहारेकरी आहे: सुमारे 5 मायक्रोसेकंद पल्स आला नाही, की तो त्या बाजूचे फ्लिप-फ्लॉप थेट क्लिअर करतो. यात 50 च्या आसपास पल्स जातात. बदलानंतरही फेज सलग हवी असेल, तर हे कार्ड घेऊ नका. तिथे पीएलएलच (आउटपुटची फेज रेफरन्सशी जुळवून धरणारं सर्किट) लागतो.

निवडीसाठी साधं बटण लावणार असाल, तर डीबाउन्स करून (दाबताना होणारी संपर्काची थरथर गाळून) लावा. नाहीतर एका दाबात कार्ड चार वेळा इकडून तिकडे जाईल (आउटपुट तरीही स्वच्छच राहील). आणि तक्रार करण्याआधी प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून आखूड लावून पाहा. आमच्याकडे परत आलेल्या कार्डांतले निम्मे ‘ग्लिच’ (तुटके पल्स) तिच्यातच सापडले.

ऑर्डर देताना दोन्ही क्लॉकची फ्रिक्वेन्सी, 3.3 की 5 व्होल्ट आणि केबलची लांबी कळवा.