गोलाकार यजमान रेणू

दुसऱ्या रेणूला आपल्या पोकळीत सामावून घेणारा रेणू किंवा रेणूंचा समूह म्हणजे यजमान रेणू. आत राहणारा तो अतिथी. पोकळी चहूबाजूंनी बंद हवी असेल तर गोल सर्वांत सोयीचा, पण मोजक्या तुकड्यांतून अखंड गोल घडत नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञ गोलाच्या जवळ जाणाऱ्या बहुफलकांकडे, म्हणजे सपाट पृष्ठांच्या घनाकृतींकडे वळतात: ५ प्लेटोनिक (सर्व पृष्ठे एकाच प्रकारच्या सम बहुभुजाची) आणि १३ आर्किमिडीय (पृष्ठे एकाहून अधिक प्रकारच्या सम बहुभुजांची) घनाकृती.

या दृष्टीला खरी चालना १९९७ मध्ये मिळाली, आणि तीही आधी आराखडा आखून नव्हे. अमेरिकेत लेनर्ड मॅकगिलिव्हरे आणि जेरी अ‍ॅटवूड रेसॉर्सिनअरीनचे स्फटिक तपासत होते. रेसॉर्सिनॉल व अ‍ॅसिटाल्डिहाइड यांपासून बनणारा हा खोलगट रेणू. काठावर आठ हायड्रॉक्सिल (OH) गट. असे सहा रेणू आणि पाण्याचे आठ रेणू ६० हायड्रोजन बंधांनी जुळून सुमारे १,३७५ घन अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) पोकळी तयार झालेली दिसली. ही आकृती स्नब क्यूब या आर्किमिडीय घनाकृतीची होती: ६ चौरस, ३२ त्रिकोण. चौपदरी सममितीचे, म्हणजे पाव फेरी फिरवल्यावर तसेच दिसणारे, रेसॉर्सिनअरीन चौरसांवर बसतात, पाणी ८ त्रिकोणांवर. स्नब क्यूबची डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपे असतात. घटकांपैकी एकातही हा भेद नाही, तो केवळ जुळणीतून येतो. या रचनेतील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच. १९९९ मध्ये याच दोघांनी त्यावरून सर्वसाधारण नियम मांडले: हवे ते बहुफलक निवडावे आणि त्याच्या पृष्ठांच्या सममितीला साजेसे खोलगट रेणू शोधावेत.

जपानमध्ये माकोतो फुजिता यांनी पृष्ठांऐवजी शिरोबिंदू व कडा हाताशी धरल्या. शिरोबिंदूंवर पॅलॅडियमचे आयन, कडांवर वाकलेले सेंद्रिय रेणू. १२७ अंशांचा वाक असेल तर १२ आयन व २४ रेणूंचा गोल बनतो. १४९ अंश असेल तर २४ व ४८ चा. २०१० च्या प्रयोगांत दोन्ही प्रकारचे रेणू एकत्र मिसळले, तेव्हा प्रमाणानुसार सगळे मिश्रण एकाच रचनेकडे झुकले. मधला आकार मिळालाच नाही. सरासरी वाकातला किंचित फरक गोलातील घटकांची संख्या दुप्पट करतो.

बंद पोकळीचा उपयोग लहान पिंजऱ्यांतही दिसतो. २००९ मध्ये जोनाथन निट्श्के यांच्या गटाने चार लोह आयनांच्या चतुष्फलकात (चार त्रिकोणी पृष्ठांच्या पिंजऱ्यात) पांढरा फॉस्फरस ठेवला. एरवी हवेत पेट घेणारा हा पदार्थ तेथे टिकतो, कारण ऑक्सिजनशी संयोग झाल्यावर बनणारा पदार्थ त्या पोकळीत मावत नाही. बेंझिन घातले की ते फॉस्फरसची जागा घेते आणि तो बाहेर पडतो.