कमी पाडलेलं नाणं महागच असतं?

जळगाव-धुळ्याकडच्या संग्राहकांत एक समज पक्का आहे: टांकसाळीनं नाणं जितकं कमी पाडलं, तितकी त्याची किंमत जास्त. हे अर्धंच खरं. भाव ठरतो तो मागणारे किती, यावर.

अमेरिकेचा १९०९ चा लिंकन सेंट घ्या. सालाखाली ‘एस’ (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण) आणि मागच्या बाजूला तळाशी ‘व्हीडीबी’ (नाणं रेखाटणाऱ्याची आद्याक्षरं) ही अक्षरं असलेला. पाडले ४,८४,०००. तरी झिजलेलाही पन्नास हजार रुपयांच्या घरात जातो, कारण अमेरिकेत घरोघरी सेंटचे अल्बम भरले जातात. (साध्या सेंटवर ‘एस’ चिकटवून फसवणारेही आहेत, भिंग लावूनच घ्या.) उलट व्हॅटिकनचं १९२९ चं १० सेंतेसिमी पाहा. एका बाजूला पोपचं राजचिन्ह, दुसरीकडे संत पीटर. पाडली फक्त १०,०००, पण भाव सेंटच्या पासंगालाही पुरत नाही.

म्हणजे स्वस्तात दुर्मिळ हवं तर छोटे देश धुंडाळा: सान मारिनो, आइसलँड, सेंट हेलेना. परदेशी चिल्लर किलोवर मिळते, तिच्यात साल आणि टांकसाळीची खूण तपासत बसायचं. किती पाडली याचे आकडे न्यूमिस्टा या नाण्यांच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. मात्र पाडलेली सगळी उरतातच असं नाही, बरीच वितळवलीही जातात.

आणि ‘वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप? ते ढिगानं पाडलंय. रिझर्व्ह बँकेच्या नावानं कुणी कमिशन मागितलं तर एक पैसाही देऊ नका. बँकेनं २०२१ मध्येच तसं बजावलंय.