डिरनेम दिलेला पाथच का बदलतं?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मराठी मुलं हल्ली फोल्डरांना सर्रास देवनागरी नावं देतात. ‘/नोंदी/खानापूर/नंदगड/उतारा’ या पाथमधून, म्हणजे फाइलच्या पत्त्यातून, वरच्या फोल्डरचा पाथ मिळवायला सी या प्रोग्रामिंग भाषेत डिरनेम हे फंक्शन आहे, हे त्यांना ठाऊक असतं. घोळ पुढे होतो.

स्लॅशने जोडलेले पाथ युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९७१ च्या सुमारास रुळले. डिरनेम सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या आवृत्तीच्या लिबजेन लायब्ररीत होतं आणि १९९४ मध्ये ते युनिक्सच्या सामाईक मानकात आलं. त्या मानकाने दिलेली एक मुभा मला आजही पटत नाही. फंक्शनने हाती आलेली स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) जागच्या जागी बदलली तरी चालेल, आणि उत्तर स्वतःच्या स्थिर जागेत ठेवलं तरी चालेल, मग पुढच्या कॉलला ते पुसलं गेलं तरी हरकत नाही. म्हणजे दोन्ही वागणुकी वैध, आणि भुर्दंड वापरणाऱ्याला.

लिनक्सवर काय होतं ते पाहा. वरचा पाथ अवतरणचिन्हांत थेट डिरनेमला दिला, तर तो बदलता न येणाऱ्या जागेत असतो, त्यामुळे ‘नंदगड’नंतरच्या स्लॅशवर शून्य (स्ट्रिंगचा शेवट दाखवणारा बाइट) लिहायला जाताना प्रोग्राम कोसळतो. नुसतं ‘उतारा’ दिलं तर मात्र निमूट ‘.’ मिळतो, कारण स्लॅशच नसल्याने काही लिहावं लागत नाही. छोट्या चाचणीत चूक लपते ती अशी. पाथ अ‍ॅरेत (बदलता येणाऱ्या जागेत) ठेवला तर कोसळत नाही, पण डिरनेमनंतर त्याच अ‍ॅरेवर बेसनेम (पाथचा शेवटचा भाग देणारं फंक्शन) चालवलं की ‘उतारा’ऐवजी ‘नंदगड’ हातात येतं. आधी स्ट्रडप या फंक्शनने पाथची प्रत काढायची, हाच उपाय.

देवनागरीमुळे मात्र काही बिघडत नाही. १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत आखली गेली, तेव्हाच अनेक बाइटांच्या अक्षरातला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा ठेवला. स्लॅशचा बाइट ४७, त्यामुळे ‘नोंदी’च्या पोटात खोटा स्लॅश सापडत नाही. जपानीसाठीच्या शिफ्ट-जिस या जुन्या पद्धतीत अक्षराचा दुसरा बाइट ९२, म्हणजे बॅकस्लॅशचाच, असू शकतो, आणि बॅकस्लॅशने पाथ जोडणाऱ्या विंडोजवर बाइट मोजून तोडलेला पाथ अक्षराच्या मधोमध फाटतो.

२०१७ च्या सी प्लस प्लसमध्ये पॅरेंट-पाथ हे डिरनेमसारखंच काम करणारं फंक्शन आलं. ते मूळ पाथला हात लावत नाही, पण ‘/नोंदी/खानापूर/’ दिल्यावर डिरनेम ‘/नोंदी’ देतं आणि पॅरेंट-पाथ ‘/नोंदी/खानापूर’. जुना सी कोड नव्यात नेताना शेवटचा स्लॅश आधी कापून घ्यावा लागतो.